प्रवासासाठी छोटा कॅमेरा कसा निवडावा: नवख्यांसाठी पायरीपायरीने

फोनवर फोटो बरे येतात, पण कोकणकड्यावर अंधारून आलं किंवा पालखीतला टाळकरी जरा लांब असला की फोन हात टेकतो. हे ज्यांच्या लक्षात आलंय आणि तरीही ज्यांना किलो-सव्वा किलोचा डीएसएलआर गळ्यात अडकवून हिंडायचं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ताडोबात वाघ टिपायचा असेल किंवा लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या असतील, तर वाट वेगळी. ती इथे सापडणार नाही.

या खरेदीतून मी गेलोय, आणि नंतर मित्र-नातेवाइकांच्या अशा खरेद्यांतही मला ओढलं गेलंय. घोळ दरवेळी एकाच जागी होतो. लोक मॉडेलपासून सुरुवात करतात. यूट्यूबवर दहा व्हिडिओ पाहिले की अकरा मतं तयार होतात, आणि शेवटी ज्याचा व्हिडिओ काल रात्री पाहिला तो कॅमेरा घेतला जातो. क्रम उलटा हवा: आधी तुमची गरज, मग खिसा (दोन्ही अर्थांनी), मग लेन्स, मग सेन्सर (प्रकाश टिपून फोटो बनवणारी आतली चिप). कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी.

१. आधी फोनची गॅलरी उघडा

गेल्या दोन-तीन सहलींचे फोटो काढा आणि ज्या फोटोंनी निराशा केली तेवढेच बघा. चांगल्या फोटोंना हात लावू नका, ते फोनला जमलेलेच आहेत. बिघडलेल्या फोटोंचे साधारण तीन ढीग पडतात.

पहिला ढीग: हवी ती गोष्ट लांब राहिली. रिंगणात धावणारा अश्व फोटोत मुंगीएवढा, मंदिराच्या शिखरावरचं कोरीव काम ओळखू न येणारं, बोटीतून काढलेला रोहित पक्षी म्हणजे एक गुलाबी ठिपका. तुम्हाला झूम हवा आहे.

दुसरा ढीग: उजेड कमी पडला. आरती, लेण्यांचं आतलं दालन, रात्रीचा बाजार. माणसं हललेली, भिंतींवर रवाळ दाणे, चेहऱ्यांना तो मेण लावल्यासारखा गुळगुळीतपणा. तुम्हाला मोठा सेन्सर आणि जास्त उजेड घेणारी लेन्स हवी आहे.

तिसरा ढीग: फोटोत सगळं मावलंच नाही. इथे जरा सावध. फोनवरचं ०.५ एक्स म्हणजे साधारण १३ मिमीची रुंद लेन्स. मिमीचा आकडा जितका लहान तितकं जास्त दृश्य मावतं, जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. खिशात मावणारे बहुतेक कॅमेरे २४ किंवा २८ मिमीला सुरू होतात, म्हणजे फोनच्या १ एक्सच्या आसपास. वेरूळच्या कैलास लेण्याच्या अंगणात उभं राहून ०.५ एक्सवर जे मावतं, ते यातल्या एकाही कॅमेऱ्यात मावणार नाही. तुमचा हाच ढीग मोठा असेल, तर कॉम्पॅक्ट कॅमेरा घेऊन पस्तावाल. पैसे वाचवा, फोनच वापरा.

प्रत्येक फोटोचे तपशील उघडून कुठली लेन्स वापरली गेली तेही पाहा. आयफोनवर २४, ७७ असे मिमीचे आकडे सरळ दिसतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ६.८ मिमी असा भलताच आकडा दिसतो, कारण तो लेन्सचा प्रत्यक्ष आकडा असतो. त्याने गोंधळू नका. ०.५, १ की ३ एक्स, एवढं कळलं तरी पुरे.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: या फोटोंचं पुढे काय होतं? कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊन संपणार असतील, तर लाखभर रुपये घालायची गरज नाही. भिंतीवर लावायचे असतील तरी १२ बाय १८ इंचाच्या उत्तम प्रिंटला २० मेगापिक्सेल पुरतात. त्यापुढच्या मेगापिक्सेलची हौस कार्ड आणि लॅपटॉपची जागा खाते.

२. पातळ, मोठा सेन्सर, लांब झूम: यातलं दोनच मिळतं

हे एवढं डोक्यात बसलं की निम्म्या जाहिराती आपोआप गळतात.

लेन्सला सेन्सरभर प्रकाश पसरवायचा असतो. सेन्सर मोठा झाला की काच मोठी होते आणि लेन्सची लांबी वाढते. त्यावर लांब झूम मागितला की नळकांडं खिशात बसेनासं होतं. कुठल्याही कंपनीला याच्यावर मात करता आलेली नाही, कारण हा प्रश्न पैशाचा नसून प्रकाशशास्त्राचा आहे.

सेन्सरचे आकार असे:

- साधे स्वस्त कॉम्पॅक्ट आणि जलरोधक कॅमेरे: साधारण ६.२ × ४.६ मिमी
- ‘एक इंची’ म्हणून विकला जाणारा: १३.२ × ८.८ मिमी (इंच शोधू नका, तो यात कुठेच नाही)
- मायक्रो फोर थर्ड्स: १७.३ × १३ मिमी
- एपीएस-सी: साधारण २३.५ × १५.६ मिमी, कॅननचा किंचित लहान
- फुल फ्रेम: ३६ × २४ मिमी

क्षेत्रफळ काढलंत तर एक इंची सेन्सर पहिल्यापेक्षा चौपट आहे आणि एपीएस-सी एक इंचीच्या तिप्पट. कमी उजेडातल्या फोटोंचा फरक इथून येतो.

आता तीन कॅमेरे शेजारी ठेवून बघा. सोनी आरएक्स१०० मार्क ७ पातळ आहे, झूम २४ ते २०० मिमी, वजन सुमारे ३०० ग्रॅम. पण सेन्सर एक इंची, आणि झूम पुढे नेला की लेन्स एफ ४.५ पर्यंत बारीक होते (एफचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी). रिको जीआर ३ पातळ आहे, २५७ ग्रॅम, सेन्सर चक्क एपीएस-सी. पण झूम नाहीच, एकच २८ मिमी. सोनी आरएक्स१० मार्क ४ मध्ये एक इंची सेन्सर आणि ६०० मिमीपर्यंत झूम आहे, एफ ४ वर, म्हणजे तक्रारीला जागा नाही. पण वजन किलोच्या वर. तिघांनीही काहीतरी सोडलंय. तुम्ही काय सोडायला तयार आहात, ते आत्ताच ठरवा.

३. आपली जात ओळखा

*सगळं थोडं थोडं हवं असणारे.* टूर कंपनीच्या बसमधून जाणारे, सोबत मुलं आणि आई-बाबा, प्रत्येक ठिकाणी तासभर. यांना एक इंची सेन्सरचा झूम कॅमेरा बरा. आरएक्स१०० मार्क ७ चं वर सांगितलंच. कॅनन जी७ एक्स मार्क ३ चा झूम २४ ते १०० मिमीच, पण एफ १.८ ते २.८. म्हणजे १०० मिमीला सोनीपेक्षा साधारण अडीच पट उजेड आत येतो. संध्याकाळच्या आरतीत हा फरक दिसतो, दुपारी गोलघुमटासमोर दिसत नाही. पॅनासोनिक टीझेड२०० चा झूम ३६० मिमीपर्यंत जातो, पण तिथे लेन्स एफ ६.४ वर पोचलेली असते, त्यामुळे तो उन्हातला गडी.

एक सूचना. तुमच्याकडे आधीच महागडा फोन असेल (शाओमी आणि विवोच्या काहींत एक इंची सेन्सर येऊन गेलाय), तर असा कॅमेरा घेऊन २४ मिमीच्या फोटोंत फार फरक पडणार नाही. तो घ्यायचा तर झूमसाठीच.

*पायी भटकणारे.* गल्ल्या, बाजार, चहाच्या टपऱ्या, माणसं. यांच्यासाठी जीआर ३, किंवा ४० मिमीची लेन्स असलेला जीआर ३ एक्स. शर्टाच्या खिशात जातो, समोरच्याला दडपण येत नाही. पण यात व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, फ्लॅश नाही, आणि कंपनीच्याच आकड्यानुसार बॅटरी २०० फोटोंची. आत धूळ शिरते ही याची जुनी तक्रार, तिच्याकडे पुढे येऊ. फुजीफिल्म एक्स१००व्हीआय याच जातीचा पण थोराड: ३५ मिमी, एफ २, ४० मेगापिक्सेल, ५२१ ग्रॅम. देखणा आहे, रंग सुरेख देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आल्यापासून त्याची इतकी टंचाई झाली की छापील किमतीच्या वर पैसे मागणारेही भेटतात. त्यांना देऊ नका.

झूम नसलेला कॅमेरा आपल्याला झेपेल का, हे पैसे भरण्याआधी तपासता येतं. एक रविवार फोन फक्त १ एक्सवर ठेवून मंडईत फिरा. बोटं आपोआप झूमकडे जात असतील, तर उत्तर मिळालं.

*पाण्यात आणि चिखलात जाणारे.* जुलैतले ट्रेक, तारकर्लीचं स्नॉर्कलिंग, धबधबे. यांच्यासाठी ओएम सिस्टिम टीजी-७. पंधरा मीटर खोल पाण्यात चालतो, वजन अडीचशे ग्रॅम. सेन्सर चिमुकला आहे, अंधारात फोनपेक्षा वाईट. पण त्याची एक खुबी फोनपेक्षाही कामाची आहे: मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून अवघ्या एक सेंटिमीटरवर फोकस होतो. कास पठारावर सप्टेंबरात लोक तेरड्याच्या गुलाबी चादरीचे फोटो काढून परततात. गुडघे टेकून बघितलंत तर गवतात नखाएवढी निळी-जांभळी सीतेची आसवे असतात, आणि दवबिंदूच्या पानांवरच्या लाल केसांना चिकटलेले कीटक. तिथे हा छोटा कॅमेरा मोठमोठ्यांना मागे टाकतो. पायवाट मात्र सोडू नका, फुलं तुडवून काढलेल्या फुलांच्या फोटोला काय अर्थ आहे?

*लेन्स बदलायची हौस असणारे.* छोटे मिररलेस, म्हणजे डीएसएलआरमधला आरसा काढून लहान केलेले कॅमेरे. कॅनन आर५० आणि १८-४५ लेन्स (इथले मिमी लेन्सवर छापलेले आहेत, त्यांचा हिशेब पुढे) मिळून सुमारे ५०५ ग्रॅम, सोनी ए६४०० आणि १६-५० मिळून ५२० च्या आत, ऑलिंपस ई-एम१० मार्क ४ आणि तिची चपटी १४-४२ मिळून पावणेपाचशे. तिघंही जॅकेटच्या खिशात जातात, पँटच्या नाही. माझं मत विचाराल तर ज्याला हा छंद पुढे वाढवायचाय त्याने इथूनच सुरुवात करावी, कारण कॅमेरा बदलला तरी लेन्स राहते. धोका एवढाच की दुसरी लेन्स येते, मग तिसरी, मग त्यांच्यासाठी बॅग, आणि वर्षभरात तुम्ही ज्या ओझ्यापासून पळालात तेच परत पाठीवर. नियम करा: एक छोटा झूम, एक चपटी फिक्स (झूम नसलेली) लेन्स, बस्स. फुजीची २७ मिमी एफ २.८ फक्त ८४ ग्रॅमची आहे, पॅनासोनिकची २० मिमी एफ १.७ जवळपास तेवढीच.

४. खोक्यावरचे आकडे वाचताना

‘४० एक्स झूम’ म्हणजे सगळ्यात जवळच्या टोकापासून लांबच्या टोकापर्यंतचा पल्ला. त्यातून सेन्सर किती छोटा आहे ते कळत नाही. शिवाय ‘ऑप्टिकल’ शब्द शोधा. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं, ते घरी बसून फुकट होतं.

‘एफ २.८’ लिहिलंय? कुठल्या टोकाला? एफ २.८-४.५ असे दोन आकडे असतात आणि विक्रेता पहिलाच सांगतो. प्रवासातले बरेच फोटो दुसऱ्या आकड्याच्या आसपास निघतात.

फोकल लेंथ, म्हणजे लेन्सचा तो मिमीचा आकडा, नेहमी ‘३५ मिमीच्या तुलनेत’ वाचा, नाहीतर दोन कॅमेऱ्यांची तुलनाच होत नाही. एक इंची सेन्सरला २.७ ने, मायक्रो फोर थर्ड्सला २ ने, एपीएस-सीला १.५ ने (कॅननला १.६ ने) गुणायचं. कॅनन आर५० सोबतची १८-४५ म्हणजे तुमच्या हिशेबात साधारण २९-७२. हा गुणाकार न केल्यामुळे ‘अठराला सुरू होते म्हणजे किती रुंद!’ असं वाटून लेन्स घेणारे कमी नाहीत.

स्थिरीकरण, म्हणजे स्टॅबिलायझेशन, तुमच्या हाताची थरथर थांबवतं. समोर नाचणाऱ्या वारकऱ्याची हालचाल थांबवत नाही. त्याला शटर स्पीडच लागतो, म्हणजे शटर अगदी क्षणभरच उघडं राहायला हवं.

आयएसओ म्हणजे कमी उजेडात फोटो किती उजळायचा त्याचं माप. त्याचा कमाल आकडा दुर्लक्ष करण्यासाठीच छापलेला असतो.

५. दुकानात जा, हातात घ्या

ऑनलाइन दोन-तीन हजारांनी स्वस्त पडत असेल, तरी एकदा दुकानात जाऊन या. मुंबईत फोर्टातला बोरा बाजार, सीएसएमटीपासून चालत अंतरावर, कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. आपलं मेमरी कार्ड खिशात घेऊन जा.

कॅमेरा बंद करून पँटच्या पुढच्या खिशात घाला, खुर्चीवर बसा, उठा. टोचला? मग तो प्रवासात बॅगेतच राहणार. एका हाताने खिशातून काढून चालू करा आणि पहिला फोटो येईपर्यंत मनात मोजा. दुकानाच्या दारात, उन्हात जाऊन स्क्रीन दिसतो का पाहा. लडाख, जैसलमेर, समुद्रकिनारा, सगळीकडे हीच अडचण येते. चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडरची चौकट चारही कोपऱ्यांपर्यंत दिसते का ते बघा. मग झूम पूर्ण पुढे नेऊन दुकानाच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यातल्या पाटीचे चार-पाच फोटो काढा आणि कार्ड घरी नेऊन मोठ्या पडद्यावर बघा.

*जुना घेत असाल तर* आणखी थोडं. लेन्ससमोरून फोनचा टॉर्च तिरका धरा आणि आत बघा. थोडी धूळ चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा फांद्या फुटल्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी, कॅमेरा परत द्या. झूमचं नळकांडं बाहेर येताना करकर आवाज म्हणजे आत वाळू. नंतर लेन्सचं छिद्र एफ ११ किंवा त्याहून बारीक करून निरभ्र आकाशाचा नाहीतर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. राखाडी ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात ती साफ करता येते, पण जीआर किंवा आरएक्स१०० सारख्या कॅमेऱ्यात लेन्स बसवलेलीच असते, म्हणजे अख्खा कॅमेरा उघडावा लागतो आणि तो खर्च बोचतो. बॅटरी बाहेर काढून टेबलावर ठेवा. फुगलेली असेल तर भोवऱ्यासारखी फिरते.

*परदेशातून मागवत असाल तर.* अमेरिकेतला भाऊ किंवा जपानला कामाला गेलेला मित्र स्वस्तात आणून देतो म्हणतो तेव्हा तीन गोष्टी विचारा. वॉरंटी भारतात चालते का? पुष्कळदा नाही. मेनू कुठल्या भाषेत आहे? जपानी बाजारपेठेसाठीच्या सोनी कॅमेऱ्यांत तो फक्त जपानीत असू शकतो. आणि व्हिडिओ पाल पद्धतीवर (सेकंदाला २५ किंवा ५० चित्रं) नेता येतो का? आपली वीज ५० हर्ट्झची आहे, अमेरिकेतली ६० ची. चुकीच्या सेटिंगवर ट्यूबलाइटखाली व्हिडिओ लुकलुकतो.

विना बिलाचा ‘ग्रे’ माल मात्र नकोच. फरक पाच-दहा हजारांचा दिसतो, पण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

६. सोबत काय लागतं

- जादा बॅटऱ्या: छोट्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या छोट्याच. जीआरला २०० फोटो, आरएक्स१०० मार्क ७ ला २६०. एक जादा हवीच, लडाख-स्पितीला दोन, आणि थंडीत त्या आतल्या खिशात अंगाजवळ ठेवायच्या.
- चार्जिंग: यूएसबी-सी असेल तर फोनचीच केबल चालते. आरएक्स१०० मार्क ७ आणि टीझेड२०० ला जुनी मायक्रो यूएसबी लागते, ती आठवणीने घ्या. हॉटेलात मिळत नाही.
- कार्ड: एक २५६ जीबीचं घेण्यापेक्षा ६४ ची दोन. कार्डावर व्ही३० किंवा यू३ हे चिन्ह बघा, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. ४के व्हिडिओ १०० एमबीपीएसवर (हे मेगाबिट, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी) काढलात तर ६४ जीबी साधारण ८५ मिनिटांत भरतं. नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. घरी आल्यावर एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रॅमने कार्ड पूर्ण भरून तपासा.
- मनगटाचा पट्टा: गळ्यातल्यापेक्षा हा बरा. कड्याच्या टोकाशी आणि होडीत तो मनगटात असलाच पाहिजे.
- मऊ कापड आणि रबरी ब्लोअर. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.
- ट्रायपॉड: टेबलावर राहील एवढा छोटा. मोठा नेणार म्हणता, पण तिसऱ्या दिवसापासून तो गाडीतच पडून असतो.
- जाड पॉलिथिनच्या दोन झिपच्या पिशव्या. किंमत पाच रुपये, उपयोग अपार.

कॅमेऱ्याची खास बॅग घ्यायलाच हवी असं नाही. कंपनीचं नाव छापलेली बॅग चोराला दुरून खुणावते. चष्म्याच्या घरासारखा मऊ पाऊच रोजच्या सॅकमध्ये टाका.

७. कागद आणि नियम

बरोबर ठेवायचे कागद: बिल, वॉरंटी कार्ड आणि कॅमेऱ्याचा सीरियल नंबर. तिन्हींचे फोटो फोनमध्ये आणि एक प्रत स्वतःच्या ईमेलवर. चोरीची तक्रार करताना पोलीस सीरियल नंबर विचारतात, आणि तो कॅमेऱ्याच्या बुडाशी छापलेला असल्यामुळे कॅमेऱ्याबरोबरच गेलेला असतो.

परदेशी जाताना कॅमेरा महागडा असेल, तर निघतानाच विमानतळावरच्या कस्टम्स काउंटरवर एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परत येताना ‘हा तिकडे विकत घेतला का?’ असा प्रश्न आला की तो कागद दाखवायचा. यासाठी बिल आणि कॅमेरा दोन्ही हातात लागतात, म्हणून बॅग चेक-इन करण्याआधी हे काम उरका आणि वेळ राखून पोचा.

विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच. चेक-इन सामानात टाकल्या तर बॅग उघडायला बोलावतात. बॅटरीच्या टोकांवर झाकण किंवा चिकटपट्टी लावा. १०० वॉट-अवरच्या आत असलं की सहसा वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची होते, म्हणजे चालते.

लोहगाव, दाबोळी आणि लेह हे लष्करी तळ असलेले विमानतळ आहेत. तिथे धावपट्टीवरून खिडकीतून फोटो काढायचा मोह आवरा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत हातातल्या कॅमेऱ्याला सहसा अडवत नाहीत, पण ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, ताजमहालाच्या मुख्य कबरीच्या दालनात फोटोच नाही. फ्लॅश आपोआप उडणार नाही असं सेटिंग घरूनच करून जा. आणि माणसांचे फोटो काढताना आधी विचारायचं. ‘काका, एक फोटो काढू का?’ एवढ्यावर बहुतेक जण हसून उभे राहतात, आणि नाही म्हणाले तर नाही.

८. निघण्याआधीचा आठवडा

नवा कोरा कॅमेरा विमानतळावर उघडू नका. आठवडाभर घरात आणि गल्लीत वापरा.

घड्याळ आणि तारीख लावा. रॉ (कॅमेऱ्याने न शिजवलेली मूळ फाइल) आणि जेपेग दोन्ही चालू करा. रॉला आज हात लावला नाहीत तरी पुढच्या वर्षी लावाल. ऑटो आयएसओ चालू करून वरची मर्यादा घाला: एक इंचीला ३२००, एपीएस-सीला ६४००. माणसांसाठी किमान शटर १/१२५ सेकंद ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत ही सोय ऑटो आयएसओच्या मेनूतच असते. एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावा. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

इतकं झालं की मेनूमधून बाहेर या. बाकीची दोनशे सेटिंग्ज वाट पाहतील.

९. पाऊस, दमट हवा आणि बुरशी

वर सांगितलेल्यांपैकी टीजी-७ सोडला तर एकाच्याही भरवशावर भर पावसात उभं राहू नका. एक्स१००व्हीआयला हवामान-रोधक म्हणतात खरं, पण ते लेन्सवर वेगळी रिंग आणि फिल्टर बसवल्यावरच. दोन्ही वेगळे विकत घ्यावे लागतात, हे खोक्यावर ठळकपणे लिहिलेलं नसतं.

एसी खोलीतून किंवा गाडीतून कॅमेरा थेट कोकणातल्या दमट हवेत काढलात की लेन्सवर लगेच धुकं धरतं. बाहेर जाण्याआधी अर्धा तास कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून बाल्कनीत ठेवा. पिशवीच्या बाहेर पाणी धरेल, काचेवर नाही. काच पुसत बसलात तर आतली वाफ तशीच राहते.

समुद्रावरून आल्यावर ओल्या कापडाने पुसा, मग कोरड्या. मीठ राहिलं तर बटणं अडकतात. वाळूत गेलेल्या कॅमेऱ्याचा झूम लगेच चालू करू नका, आधी ब्लोअरने कडेकडेने झटका.

बुरशीचा धोका घरातच जास्त असतो, कारण प्रवास संपला की कॅमेरा चार महिने कपाटात पडतो. चामड्याच्या केसमध्ये कधीच ठेवू नका, चामडं ओल धरतं. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. जेल रंग बदलणारं घ्या; रंग बदलला की कढईत मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं, फक्त त्या कढईत नंतर फोडणी नको. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा कॅमेरा बाहेर काढा, बॅटरी घाला, झूम पुढेमागे करा, चार फोटो काढा आणि बॅटरी काढून परत डब्यात.